मामूल नावाचा राजा

गेल्या आठवड्यात अकरावीच्या हॉलवर सुपरव्हिजनला उभी होते. नांदेडचा मार्च. डोक्यावर पंखा गरगरतोय, पण वारा कुणाच्या वाट्याला जातोय देव जाणे. पेपर इतिहासाचा आणि काढलेला मीच. शेवटचा प्रश्न होता, ‘राजांनी धर्म, राजकारण आणि समाज यांना कसे वळण दिले?’ पोरं माना खाली घालून राजांना कामाला लावत होती. कुणी त्यांच्याकडून देवळं बांधून घेत होतं, कुणी किल्ले, कुणी रस्त्याच्या दुतर्फा झाडं. एक पोरगी मात्र पेनाचं टोपण चावत खिडकीबाहेर बघत बसली होती. एरवी मी टेबलावर टकटक केली असती. केली नाही, कारण असल्याच एका प्रश्नाला सोळाव्या वर्षी मीही अडले होते, तेही बोर्डाच्या परीक्षेत.

गठ्ठे बांधून बाहेर आले तर गावाकडून बंडूचा फोन. बंडू माझा धाकटा भाऊ, शेती बघतो.

“ताई, संदल यंदा पुन्हा परीक्षेत आला बघ. ईद झाली की पाचव्या दिवशी. येतीस का?”

“बघते रे, पेपर तपासायचेत.”

“ये की. ओवी रुसून बसलीय, जेवना झालीय. तुझंच ऐकती ती.”

ओवी त्याची मुलगी, यंदा नववीला. ती का रुसलीय हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण माझं चित्त ‘परीक्षेत आला’ या दोन शब्दांवर अडकून पडलं होतं. आमच्या गावचा संदल, म्हणजे पीराला चंदन चढवायची मिरवणूक, चंद्राच्या हिशेबानं चालतो. चंद्राचं वर्ष आपल्या वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी आखूड, म्हणून तो दरसाल थोडा अलीकडे सरकतो. उन्हाळ्यातून थंडीत, थंडीतून पावसाळ्यात, असा सगळे ऋतू हिंडून तेहतीस वर्षांनी तो मूळ जागेवर येतो. तेहतीस वर्षांपूर्वी तो असाच परीक्षेत आला होता आणि ती परीक्षा माझी होती.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, नांदेडच्या रस्त्यापासून आत. तिकडचा मार्च मला अजून नाकानं आठवतो. काढलेल्या ज्वारीच्या पेंढ्यांचा कोरडा गोड वास, हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब, झोडपलेल्या चिंचांचा ढीग. करडईच्या रानातून येताना परकराला काटे चिकटायचे आणि ते काढत काढत मी सनावळ्या पाठ करायची. एक काटा, एक लढाई. पळस फुललेला असायचा आणि त्याच्याकडे बघायला वेळ नसायचा, याचा मला लई राग यायचा. परीक्षा पावसाळ्यात का घेत नाहीत, तेव्हा तरी कुठं बाहेर जायचं असतं, असं मी गुरुजींना विचारलंही होतं. गुरुजींनी डोक्याला हात लावला.

असले प्रश्न विचारायची खोड मला पहिल्यापासून. त्यातला सगळ्यात गाजलेला प्रश्न मामूल राजाचा.

मामूल म्हणजे रिवाज, चालत आलेली रीत. निजामाच्या कचेऱ्यांतून हा शब्द निघाला आणि चालत चालत आमच्या चुलीपाशी येऊन बसला. पण हे मला पुढं कळलं. लहानपणी नुसतं कानावर पडायचं, “मामुलानं चालत आलंय,” “मामूल मोडायचं न्हाई,” “मामुलाम्होरं कुणाचं चालतंय?” ऐकून ऐकून माझी खात्रीच पटली की मामूल हा एक राजा असणार. बाकीचे राजे मेले, हा तेवढा राहिला. कुणी कुणाच्या आधी जेवायचं, कुणी ओट्यावर बसायचं आणि कुणी खाली, पोरींनी किती शिकायचं, सगळं तोच ठरवतो. चौथीत आमची सहल उदगीरच्या किल्ल्यात गेली. मी सगळ्या कमानी, सगळे महाल बारकाईनं पाहिले आणि शेवटी गुरुजींना विचारलं, “गुरुजी, मामूल राजाची खोली कंची?”

पोरं किल्ल्याच्या पायऱ्यांवर लोळून हसली. पुढं दोन वर्षं मला शाळेत सगळे ‘मामुलाची राणी’ म्हणायचे. आज वाटतं, प्रश्न काही एवढा चुकीचा नव्हता.

गावाबाहेर चिंचेखाली पीरसाहेबाचा दर्गा आहे. त्याच्या जवळच आमची दगडी बारव, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं अशी. तिचं नाव खासबारव, आणि तिच्यामुळे आमच्या घराला गाव ‘खाशाचं घर’ म्हणतं. गोष्ट अशी सांगायचे की, कुणी एक राजा शिकारीला आला, त्याला तहान लागली, आमच्या घरातल्या एका कुवार पोरीनं डोक्यावरची घागर उतरून त्याला पाणी पाजलं. राजा खूश झाला. त्यानं बारव बांधून दिली, इनाम जमीन दिली आणि हुकूम सोडला की दर संदलाला या घरच्या कुवार पोरीनं खासबारवेची पहिली घागर पीरसाहेबाला न्यावी. त्या पाण्यात चंदन उगाळायचं आणि मगच संदल निघायचा.

हा राजा कोण? इथं मला मोठी मजा वाटायची. माझे थोरले काका म्हणायचे, निजाम. दर्ग्याचे मुजावर करीमचाचा म्हणायचे, “निजाम कालचा हो, ह्यो तर बहामनी पातशा.” देवळातला गुरव म्हणायचा, दोघांना काय कळतंय, यादवांचा राजा होता तो. घागर एक आणि राजे तीन. ज्याला जो राजा आपला वाटायचा, त्यानं तो पाणी प्यायला आणून बसवलेला. इनामाची जमीन तर माझ्या जन्माआधीच गेली होती. राहिली होती घागर, राहिली होती बारव आणि बारवेच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार. दाराला कुलूप, आणि किल्ली काकांच्या करगोट्याला.

“खासबारव म्हंजे खास आपली,” काका सांगायचे. गावातली घरं आम्हाला विचारून पाणी न्यायची. भीमनगरातल्या बायांना तेवढंही नव्हतं. त्या मार्चमध्ये सडकेच्या हापशावर हंडे लावून तासन् तास उभ्या राहायच्या. त्यांत माझ्या वर्गातल्या सुनंदाची माय असायची. मी शाळेतून येताना तिला तिथं बघायची आणि घरी येऊन बारवेचं गार पाणी गटागट प्यायची. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण वाटत नव्हतं हे खरं.

तर त्या साली दहावीचं वेळापत्रक आलं. इतिहास-नागरिकशास्त्राचा पेपर आणि संदल एकाच दिवशी. पेपर अहमदपूरला सकाळी अकराला, घागर दुपारी बाराला. घरात कुवार पोरगी मी एकटीच. काकांच्या दोघी उजवून गेल्या होत्या आणि बंडू सहा वर्षांचा.

काकांना त्यात अडचण काहीच दिसेना. “एक पेपर न्हाई दिला तर काय आभाळ कोसळतंय का? बसंल ऑक्टोबरात.”

ऑक्टोबरात मी बसणार नाही, हे घरातल्या भिंतींनासुद्धा माहीत होतं. देवणीकडचं एक स्थळ काकांनी बघून ठेवलं होतं. दहावीत अडकलेल्या पोरीचं त्याच उन्हाळ्यात लग्न उरकायचं, हेही मामूलच. त्या एका पेपरावर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं, आणि ते मला सोळाव्या वर्षीसुद्धा स्वच्छ कळत होतं. मी जेवण सोडलं नाही, रडले मात्र भरपूर. माय दाराआडून म्हणाली, “भाऊजी, पोरीनं सालभर डोळं फोडून घेतलंय.” काका म्हणाले, “हुकूम हाय राजाचा. मी काय करू?”

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, चौथी शिकलेले, घरात कमी बोलणारे. थोरल्या भावापुढं तर त्यांचा आवाजच फुटायचा नाही. त्या दिवशी ते हळूच बोलले, “दादा, हुकूम हाय म्हणतोस ना? मग काय हुकूम हाय ते तरी बघू.”

सगळ्यांचे डोळे देव्हाऱ्याकडे गेले. कारण हुकूम घरातच होता. देव्हाऱ्यात पत्र्याची एक नळी होती आणि तिच्यात राजाचा कागद. दसऱ्याला तो बाहेर काढून हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा, परत आत. उलगडून कुणीच बघितला नव्हता.

“देव हाय तो घरचा! देव काय वाचत्यात व्हय?” काका कडाडले.

अप्पा उठले, नळी उपरण्यात गुंडाळली आणि सरळ करीमचाचांकडे गेले. चाचांनी कागद बघितला आणि हात जोडले. “मला अरबी वाचता येतंय, समजत न्हाई. ही फारसी हाय, वाचता बी येत न्हाई. उदगीरला मुन्शीजी हायत, त्यांच्याकडं जा.”

दुसऱ्या दिवशी मी आणि अप्पा उदगीरला निघालो. अहमदपूर, शिरूर ताजबंद, उदगीर. एसटीच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि बाहेर पळस नुसता पेटलेला. त्या साली पळस मी पोटभर बघितला तो त्याच दिवशी. अप्पांच्या मांडीवर नळी, माझ्या मांडीवर इतिहासाचं पुस्तक. दोघांनीही आपापला राजा घट्ट धरून ठेवला होता आणि दोघांनाही तो वाचता येत नव्हता.

मुन्शीजी किल्ल्याजवळच्या गल्लीत राहायचे. निजामाच्या काळात कचेरीत लिखापढी केलेले, भिवयासुद्धा पिकलेल्या. त्यांनी कागद उलगडला, भिंग लावलं आणि दचकले.

“इसको हल्दी किसने लगाई?”

“दरसाल दसऱ्याला लावतो जी,” अप्पा म्हणाले.

“अरे वा! पातशाला हळद लावली तुम्ही,” असं म्हणून ते खोकला येईपर्यंत हसले. मग वाचायला लागले. बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं, ओठ हलत होते.

“मोहोर झिजलीय. राजाचं नाव लागत न्हाई.”

“राहू द्या नाव. पोरीचं काय लिव्हलंय? कुवार पोरीनं घागर न्यायची ते?”

मुन्शीजींनी पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. “पोरगी न्हाई यात. घागर बी न्हाई.”

“शिकार? तहान?”

“काय बी न्हाई, मियाँ. लिव्हलंय ते येवढंच. ही बावली बांधली. राखणीला या घराला जमीन दिली. घरानं बावली साफ ठेवावी आन पाणी कुणाला अडवू नये. बराए खास-ओ-आम.”

“म्हंजे?”

“खास म्हंजे बडे लोक. आम म्हंजे बाकीची सगळी दुनिया. दोघांसाठी.”

अप्पांनी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, “खास... आन आम.” मग विचारलं, “आमी तर खासबारवच म्हणतो.”

“निम्मंच म्हणता,” मुन्शीजी म्हणाले.

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. माझा पेपर वाचला होता. झालाही. पण अप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि तो टिकला नाही. एखाद्यानं भर बाजारात आपली चोरी पकडावी तसं त्यांचं तोंड झालं होतं. आमच्या घरानं राजाच्या हुकमातलं खास तेवढं ठेवून घेतलं आणि आम गिळून टाकलं. कुणी गिळलं, कधी गिळलं, कुणालाच माहीत नाही. आणि मोकळ्या झालेल्या जागेत कुणीतरी एक तहानलेला राजा आणि एक पोरगी आणून बसवली.

माझी खोड काही जाईना. उठता उठता मी विचारलं, “चाचा, राजानं असं का केलं असंल? त्याला काय गरज पडली होती?”

मुन्शीजींनी चष्मा काढला. “राजाला दोन गोष्टी लागत्यात, बेटी. लोकांची दुवा आन लोकांचा महसूल. तहानेली माणसं दोन्ही देत न्हाईत.”

आज मी वर्गात हे वाक्य सांगते, मुन्शीजींचं नाव न घेता. राजानं एकाच पानावर दर्ग्याला दिवाबत्ती द्यावी आणि देवळाला नैवेद्य, तेव्हा पोरांना प्रश्न पडतो की तो खरा कुणाचा होता? मी म्हणते, तो गादीचा होता. पण गादीपायी केलेल्या गोष्टीतून माणसांचं काय काय होऊन बसतं! राजाच्या कचेरीची भाषा बदलली की आमच्या आयांची बोली बदलते. राजा ज्या देवापुढे वाकतो, त्या देवाची जत्रा मोठी होते. त्यानं ज्याला पाटीलकी दिली त्याचा ओटा उंच होतो आणि दहा पिढ्या उंचच राहतो. राजा जातो, ओटा राहतो. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे त्याचे जे हुकूम आपल्या सोयीचे तेवढेच टिकतात, आणि त्यानं कधीच न दिलेले हुकूमसुद्धा त्याच्याच नावावर चालतात. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, त्या उदगीरच्या गल्लीनं शिकवलं.

घरी आल्यावर काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “कागदात नसंना का. मामूल हाय की.”

म्हणजे राजाचा हुकूम हवा होता तो फक्त पोरीला अडवायला. राजाच उलटला तर राजालाही बाजूला सारायची तयारी होती. तेव्हा मला माझा मामूल राजा पहिल्यांदा नीट दिसला. त्याला खोली नव्हती हेच खरं, तो आमच्याच घरात राहत होता.

पण अप्पा बदलले होते. “दादा, किल्ली दे,” ते म्हणाले. काकांनी ती करगोट्यातून सोडून अंगणात भिरकावली. अप्पांनी उचलली, बारवेचं कुलूप काढलं आणि तसेच भीमनगरात गेले. मी मागं मागं. सुनंदाच्या घरापुढं उभं राहून त्यांनी सांगितलं की असा असा कागद आहे, बारव सगळ्यांची आहे, आजपासून पाणी न्या.

सुनंदाची माय ज्वारी काढून नुकतीच रानातून आली होती. तिनं विळा खाली ठेवला. “कागुद सापडला म्हणून पाणी देऊन राहिलात व्हय? आन न्हाई सापडला असता तर?”

अप्पा हातातल्या किल्लीकडे बघायला लागले.

“आमच्याकडं बी कागुद हाय. घटना म्हणत्यात त्याला. त्याच्यात बी लिव्हलंय, पाण्यावर कुणाला अडवायचं न्हाई म्हणून. तो कुण्या राजाचा न्हाई, तुमचा बी हाय. तो का न्हाई वाचला अजून?”

अप्पा मान खाली घालून उभे होते. आपल्या बापाला असं कुणी बोलतंय याचा मला संताप यायला हवा होता, पण मला फक्त एवढंच वाटलं की हे माझ्या पुस्तकात आहे, नागरिकशास्त्राच्या दुसऱ्या धड्यात, आणि मी ते पाठ केलंय. पाठ केलंय आणि घरी येऊन पाणी प्यायलेय. ती बाई त्या दिवशी बारवेवर आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवसांनी आली, स्वतःचा दोर आणि स्वतःचा पोहरा घेऊन. पायऱ्या उतरताना वर बघून म्हणाली, “हक्काचं हाय म्हणून नेते. मेहरबानी न्हाई.” अप्पा म्हणाले, “हाव, बाई.”

आता राहिली घागर. करीमचाचांनी आपल्या बाजूनं गाठ सोडवली होती. “पीरसाहेबाला पाणी पाहिजे, पोरगी कशाला पाहिजे?” पण पाणी न्यायचं कुणी? काका बोलत नव्हते. माय म्हणाली, लग्न झालेल्या बाईनं कसं न्यावं, उद्या कुणी काही म्हणंल.

अप्पा म्हणाले, “मी नेतो.”

आमच्याकडे बाप्ये पाणी आणतात ते खांद्यावर. डोक्यावर घागर, तीही वाजतगाजत, हे कुणी बघितलं नव्हतं. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अप्पांनी आदल्या दिवशी अंगणात तालीम केली. आधी रिकामी घागर, मग भरलेली. रिकामी तीनदा पडली. भरलेलीनं त्यांना न्हाऊ घातलं. बंडू टाळ्या पिटत होता. मी नकाशातल्या नद्या सोडून बाहेर आले. “अप्पा, असं कसं राहील? चुंबळ कुठंय?”

त्यांना चुंबळ वळताच येत नव्हती. उपरण्याचा नुसता बोळा करून डोक्यावर ठेवला होता. मी तो सोडवला, पीळ दिला, गोल गुंडाळला, टोक आत खोचलं आणि त्यांच्या टकलावर नीट बसवून दिला. “आता मान ताठ. खाली बघायचं न्हाई.” अप्पा माझ्यापुढं वर्गातल्या पोरासारखे उभे राहिले आणि घागर डोक्यावर टिकली. तेव्हा ते हसले. मला ते हसणं अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुनंदा एकाच एसटीनं अहमदपूरला गेलो. पेपरात प्रश्न आलाच, राजांच्या लोकोपयोगी कामांचा. मी रस्ते लिहिले, धर्मशाळा लिहिल्या, ‘विहिरी बांधल्या’ असं लिहिलं आणि पेन थांबलं. कुणासाठी? बाहेर ऊन मी म्हणत होतं. वर्गातल्या घड्याळात बारा वाजत आले होते. आता अप्पा पायऱ्या चढत असतील, आता ढोल वाजायला लागला असेल, आता बाया हसत असतील. मी टोपण चावत खिडकीबाहेर बघत बसले, किती वेळ कोण जाणे. मग लिहिलं, ‘खास आणि आम, सर्वांसाठी.’ खाली नागरिकशास्त्राचा भाग होता. तो मी न थांबता लिहिला, आणि लिहिताना मला सगळं सुनंदाच्या मायच्या आवाजात ऐकू येत होतं.

परत आले तर अप्पा ओट्यावर बसलेले, सदरा ओलाचिंब, कपाळावर चुंबळीचा लाल वळ. “निम्मं सांडलं,” ते म्हणाले. “पण चंदनापुरतं उरलं.” मग लगेच, “पेपर कसा गेला?”

पेपर बरा गेला. मी पुढं शिकले, नांदेडला आले, इथलीच झाले. घागर अप्पांकडेच राहिली, कारण घरात कुवार पोरगी उरली नव्हती. पहिल्या वर्षी गाव हसला, दुसऱ्या वर्षी कमी हसला, मग हसायचं विसरला. अप्पा थकले तेव्हा बंडूनं घेतली. मी मात्र एकाही संदलाला पोचले नाही. तो सरकत सरकत कधी प्रवेशात यायचा, कधी पावसात, कधी माझ्या आळसात.

यंदा गेले. अप्पांना जाऊन सहा वर्षं झालीत. बारवेवर आता जाळी नाही, दाराच्या गंजलेल्या बिजागऱ्या तेवढ्या आहेत. बंडू फेटा बांधून तयार, घागर चिंचेनं घासून लखलखीत. आणि ओवी खांबाला टेकून, गाल फुगवून.

“काय झालं ग?”

“आत्या, मला न्यायचीये घागर. पप्पा म्हणतात पोरींनी न्यायची नसती.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यातच काहीतरी चुकलं. “कोण म्हणालं नसती म्हणून?”

“मामूल हाय ताई,” बंडू फेटा सारखा करत म्हणाला. अगदी समजुतीच्या सुरात, काकांच्या सुरात. “खाशाच्या घरातल्या बाप्यानंच न्यायची असती. म्हणजे काय, निजाम सरकारचा हुकूमच हाय तसा. कागुद हाय आपल्याकडं.”

“तू वाचलास?”

“तो उघडत न्हाईत ताई. दसऱ्याला पूजा असती त्याची.”

मी हसायला सुरुवात केली आणि मधेच डोळे पुसायला लागले. दोन्ही एकदम झालं. बंडू सहा वर्षांचा होता तेव्हा. त्याला टाळ्या तेवढ्या आठवत असणार, किंवा त्याही नाही. अप्पांनी कधी काही सांगितलं नसणार, सांगणारा माणूसच नव्हता तो. आणि तेहतीस वर्षांत त्यांच्या टकलावर गावानं एक मुकुट चढवून ठेवला होता.

“बंडू,” मी म्हटलं, “तो राजा मी बघितलाय.”

“कोण राजा?”

“ज्यानं हा हुकूम काढला तो. त्याला चुंबळ वळता येत नव्हती. मीच वळून दिली होती.”

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाहेर ढोलवाले ताशे तापवत होते. दोनदा हाक आली, पण बंडू हलला नाही. ऐकता ऐकता तो भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडे बघत राहिला. मग त्यानं घागर खाली ठेवली, फेटा सोडला आणि तो माझ्या हातात दिला. मी पीळ घातला, गोल गुंडाळला, टोक आत खोचलं आणि ओवीच्या डोक्यावर बसवला.

“मान ताठ. खाली बघायचं न्हाई.”

तिनं मान ताठ केली. पण प्रश्न विचारायची खोड बहुतेक रक्तातच असावी. डोक्यावर घागर तोलत, डोळे समोर ठेवून ती म्हणाली, “आत्या, मग आता इथून पुढं मामूल काय? पोरीनं न्यायची का बाप्यानं?”

मी म्हटलं, “ज्याचा पेपर नसंल त्यानं.”